कळवलं होतं, हे कागदावर आहे

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुमची आठवण काढली ती बहुतेक फुशारकी मारण्यापुरतीच. ऑफिसात कोणी म्हटलं, "मॅडम, तुमचं मराठी लय भारी," की मी म्हणायची, आमच्या सरांची कृपा. आज मात्र लाज वाटतेय म्हणून लिहितेय.

नववीतला तो निबंध आठवतो? वडील एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला होते. कामावर त्यांना एकदा करंट लागला, त्या दिवशीची आईची धावपळ मी लिहिली होती. तुम्ही वही हातात घेऊन मला वर्गासमोर उभं केलंत. "करंट लागला? मराठी काय भिकेला लागलीय? विद्युतधक्का बसला, असं लिही." वर्ग खो खो हसतोय आणि मी फळ्याकडे बघत उभी आहे. वडिलांचं पुढे काय झालं, ते तुम्ही विचारलं नाहीत. मी मात्र त्या रात्री जेवताना वडिलांनाच सुनावलं, की करंट म्हणू नका, अडाण्यासारखं वाटतं. ते म्हणाले, "बरं बाई, धक्का तर धक्का." दहावीला मी मराठीत शाळेत पहिली आले, तेव्हा तुम्ही तुमचा स्वतःचा परिभाषा कोश मला दिलात. शास्त्रातल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला त्यात मराठी शब्द होता. मी तो कादंबरीसारखा वाचला. शब्द जितका जड तितके आपण मोठे, हे तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच.

आता मी नाशिकरोडला, विजेच्या लाइनी टाकणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात आहे. इंजिनिअर सांगतात, "मॅडम, लाइन चार्ज करतोय, लोकांना कळवा," आणि मी त्याची मराठी सूचना करते. यंदा पेठच्या बाजूला एका पाड्यावर खांब उभे राहिले, तारा ओढून झाल्या, पण कित्येक महिने वीज काही आली नाही. खांबापासून घराकडे गेलेली एक तार दारासमोर हात पोचेल इतकी खाली लोंबत होती. रिकाम्या तारेला माणसं काम लावतातच. त्या घरातल्या बाई तिच्यावर धुणं वाळत घालू लागल्या. शेवटी वीज सोडायचं ठरलं आणि मी लिहिलं, "सदर लघुदाब वाहिनी विद्युतभारित करण्यात येत असून नागरिकांनी तिच्या सान्निध्यात येणे कटाक्षाने टाळावे." 'सान्निध्य' सुचलं म्हणून मी स्वतःवर खूश होते, सर. कागद समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटला, वीज सुटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नेहमीसारखं ओलं लुगडं तारेवर टाकलं.

नवऱ्याने काठीने तार उडवली म्हणून जीव वाचला. उजव्या हाताची बोटं मात्र भाजून आखडली, ती आता मिटत नाहीत. भाताचं रोप त्या हातात धरता येत नाही. तार खाली होती हा दोष इंजिनिअरांचा, असं मी स्वतःला बजावून पाहिलं. तेवढ्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. "मॅडम, तुमच्या नोटिशीनं वाचवलं बघा आपल्याला. कळवलं होतं, हे कागदावर आहे." मी तो चहा प्यायले.

मग राहवेना, म्हणून मागच्या आठवड्यात पाड्यावर गेले. बाई ओट्यावर बसून डाव्या हाताने उडीद निवडत होत्या. ठेकेदाराच्या ऑफिसातून आले असं सांगितलं, तरी रागही नाही. "बसा बाई," म्हणाल्या. मी कागदाचं विचारलं.

"वाचला व्हता ना. सुनेनं वाचला मोठ्यानं, आम्ही सगळे उभे व्हतो. पर त्यात करंटचं नाव कुठं व्हतं? करंट म्हटलं असतं तर बारकं पोरबी तिकडं फिरकलं नसतं. आम्हाला वाटलं, काय तरी सरकारी हाय, आपल्या कामाचं नाय."

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्या घरात दहावी झालेली ती एकटीच. सासरे आतून बोलले, मला ऐकू जावं म्हणूनच बोलले असावेत, "एवढी शाळा शिकली, अन् एक कागद कळला नाय हिला." ती मान वर न करता मला म्हणाली, "खरं हाय. मला कळाया पायजे व्हतं. माझ्यापायी आत्याबाईंचा हात गेला."

सर, ही सगळी जबाबदारी तुमच्यावर ढकलावी म्हणून मी लिहायला बसले होते. नववीतली मुलगी रडकुंडीला येते, तिचा शब्द खोडला जातो, ती मोठी होऊन सूड उगवावा तसे शब्द लिहिते, अशी छान गोष्ट जुळवली होती. पण नववी संपून किती काळ लोटला! त्या कागदावर लिहिताना मला तुम्ही दिसत नव्हतात आणि पाड्यावरची माणसंही दिसत नव्हती. मला फक्त माझं मराठी दिसत होतं. शरमेने जीव नकोसा होतो म्हणतात, ते काय असतं हे त्या ओट्यावर कळलं.

मी निघाले तेव्हा सून खांबापर्यंत सोडायला आली. तिने हळूच विचारलं, "मॅडम, तो कागद कुणी लिवला व्हता?"

मी म्हटलं, "वरून आला होता."

तिने मान हलवली आणि ती घराकडे परत गेली.