एका नावाचे दोन पत्ते

अकोला, ४ डिसेंबर

प्रिय दीक्षा,

हाताने लिहिलेलं पत्र पाहून तुला नवल वाटेल. आधी मेलच लिहायला बसले होते. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं आणि तुझा सगळा पत्ता आपोआप पुढे आला. ते पाहून हात थांबला. मग कागद घेतला.

तुझी आई, आमच्या ललिताकाकू, गेल्यावर पुण्यानुमोदनाला तू आलीस, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अमरावतीला गेलीस, ती परत आली नाहीस. अमरावती काही लांब नाही. पण मी तुला दोष देत नाही. शेषरावकाका आता एकटेच असतात. सकाळी एसटी डेपोपर्यंत चालत जातात, जुन्या मेकॅनिक दोस्तांशी दोन शब्द बोलतात, परत येतात. स्वयंपाक स्वतः करतात. माझी आई कधी भाजी नेऊन देते, तर डबा घासून परत आणतात. तुझ्याबद्दल कोणी विचारलं की सांगतात, "तिले कॉलेजात लई काम हाये."

तुला मागचं सगळं माहीत आहेच, तरी माझ्या बाजूने एकदा सांगू दे. फेब्रुवारीत काकूंच्या काखेतल्या गाठीचा तुकडा आमच्या लॅबमध्ये तपासायला आला. काउंटरवर मीच होते. काकांचा मेलचा पत्ता मीच कॉम्प्युटरमध्ये भरला. बारा तारखेला रिपोर्ट आला, मीच पाठवला. चार दिवसांनी काकांचा फोन आला, "सीमा, रिपोर्ट काई दिसून नाही राहिला वं." समोर रांग होती. मी म्हटलं, काका, पाठवलाय, नीट शोधा, नाहीतर येऊन छापील घेऊन जा. ते यायला निघालेही होते. काकूच म्हणाल्या, "राहू द्या, वाईट असतं तं दवाखान्यातून फोन आला असता. दुखत तं नाही." मे महिन्यात दुखायला लागलं, तेव्हा कॅन्सर फुप्फुसात उतरला होता.

तेव्हा तू लॅबमध्ये आलीस. रिपोर्ट कधी पाठवला ते दाखव म्हणालीस. मी पडदा तुझ्याकडे वळवला. शेषराव तायडे, बारा फेब्रुवारी, दुपारी सव्वातीन. घरी जाऊन काकांना काय बोललीस ते मला काकूंनी नंतर सांगितलं. "तीन महिने आईचा जीव मोबाईलमध्ये पडून होता आणि तुम्ही उघडून पाहिला नाही." काकांना स्वतःलाच तसं वाटत होतं.

पडद्यावर नाव दिसतं, दीक्षा. पत्ता दिसत नाही. त्यासाठी नावावर दाबावं लागतं. तू गेल्यावर मी दाबलं.

जानेवारीत आमच्याकडच्या मेलमध्ये साडेतीन हजार नावं झाली होती. एकच माणूस दोनदोनदा आला आहे, एकत्र करायचं का, असं कॉम्प्युटरच विचारत होता. खाली लांब यादी होती. मी वरची दहाबारा पाहिली, ती खरंच दुहेरी होती, आणि बाकी सगळ्यांना एकदम हो म्हटलं. त्यात अकोटचे एक शेषराव तायडे होते, साखर तपासायला येणारे. काकूंच्या नावाने तपासणी आली तेव्हा काकांचा पत्ता मी नव्याने भरायला गेले, तर नाव आधीच होतं; ते काकांचंच समजून, पुन्हा दुहेरी नको म्हणून तिथेच खाली जोडला. एका नावाखाली दोन पत्ते झाले. पाठवताना रिपोर्ट वरच्या पत्त्यावर गेला, अकोटच्या. मी त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, आला होता एक, आपला नव्हता म्हणून पुसून टाकला.

मे महिन्यातच मला हे कळलं होतं. तेव्हा काकू जिवंत होत्या. त्यांच्यासाठी तू रजा घेऊन आली होतीस, पण तुम्ही दोघं एका घरात असून बोलत नव्हता, मी पाहत होते. आज सांगू, उद्या सांगू करत काकू गेल्या. मग वाटलं, आता सांगून काय होणार. नोकरीची भीती होती, ती होतीच. पण खरं सांगते, तुझ्या तोंडाची भीती जास्त होती.

काल काका लॅबमध्ये आले. खुर्चीवर बसून मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाले, "पोरगी फोन नाही उचलत. मले तिचा मेलचा पत्ता यात भरून दे, अन् कसा लिवायचा ते दाखव." मी तुझं नाव भरलं, पत्ता भरला, दोनदा ताडून पाहिला. त्यांनी एकेक अक्षर शोधत अर्धा तास लिहिलं. शेवटी मला वाचायला दिलं, चुकलंय का पाहा म्हणून. रिपोर्ट माझ्याच हातून पुसला गेला असेल, आठवत नाही, पण चूक माझीच, माफ कर, असं होतं त्यात. मी वाचून परत दिलं. त्यांनी पाठवलं आणि पंखा पाहत बसले. मी तेव्हाही बोलले नाही.

तो मेल तुला मिळाला असेल. त्या मेलला 'माफ केलं' असं उत्तर देऊ नकोस. त्यांनी काहीच पुसलेलं नाही, त्यांच्याकडे काही आलंच नव्हतं. बारा फेब्रुवारीच्या मेलची प्रत सोबत ठेवली आहे, तिच्यावर अकोटचा पत्ता छापलेला आहे. आमच्या डॉक्टरांना सकाळी सगळं लिहून दिलं, तुला तक्रार करायची असेल तर त्याचीही प्रत आहे. हे पाकीट टपालात टाकून मी काकांकडे जाणार आहे आणि त्यांना तोंडाने सांगणार आहे. ते काय करतील मला माहीत नाही. पण मी उठून गेल्यावर ते घरात एकटेच असतील. तेव्हा तू ये.

तुझीच म्हणायचा हक्क मी घालवला आहे,
सीमा