बसका ओटा

३ नोव्हेंबर, सोमवार
फळी आली, बीडहून टेम्पोत. वर पांढरं लॅमिनेट, पुढची कड गोल. कडप्प्याचा उंच ओटा काढून टाकलाय. बायकोला, सुमनला, खुर्चीत बसून स्वयंपाक करता यावा म्हणून हा बसका. लकवा मारल्यापासून तिचा डावा हात निम्माच चालतो. "तुमच्या हातचा करपलेला भात लई झाला," म्हणाली. मला मात्र तिला गॅसजवळ जाऊ द्यायचीच भीती वाटते. हे अजून बोललो नाही.

५ नोव्हें., बुधवार
जन्म जळालेल्या पाण्याच्या मोटारींत तांब्याची तार भरण्यात गेला, लाकूड कधी कापलं नाही. फर्निचरवाल्या रफिकने कटर दिला. "चांगली बाजू खाली ठेव बे. पातं खालून वर येतंय, वरच्या अंगाला टवके उडतेत. रेघेवर चिकटपट्टी मार, अन् घाई करू नको."
टाकाऊ तुकड्यावर करून पाहिलं. पट्टी विसरलो, टवके उडाले. फळी एकच आहे.

७ नोव्हें., शुक्रवार
कापली! कड खरवसाच्या वडीसारखी साफ. मग सिंकचं भोक, तेही साफ. खुशीत फळी सुलटी केली. सिंक डावीकडे हवं, ते उजवीकडे. पालथ्या फळीवर मी डावं-उजवं धरलं होतं. पुढची कड गोल, त्यामुळे फिरवूनही बसेना.
म्हणजे शेगडी आता डावीकडे. तिच्या त्याच हाताकडे.

८ नोव्हें., शनिवार
दुसरी फळी आणतो म्हणालो. सु. अडून बसली. "कावून? हीच बसवा. हात निस्ता मांडीवर पडून हाय, त्याला काम तरी मिळंल."
मग सगळं बाहेर पडलं माझ्या तोंडून. पदर पेटला तर? उकळतं पातेलं सुटलं तर? मी दुकानात असलो तर?
ती म्हणाली, "मलाबी भ्या वाटतं. पण तुमी दारात उभं ऱ्हाता ना, तवा जास्त वाटतं."
रफिकला फोन लावला, हीच फळी बसवायचीय म्हणालो.

११ नोव्हें., मंगळवार
काल रफिकने येऊन फळी बसवली, सिंकचा पाइप वळवून दिला. आज सकाळी सु.ने गाऊन घातला, पदराची भानगड नको म्हणून. शेगडी उजव्या हाताने पेटवली, पातेल्याचा दांडा डाव्याने धरला. बोटं जाळाच्या किती जवळ! मी डोळे मिटले. चहा झाला. थोडा सांडला, बशीत.
"आता दुकानाला जावा."
आलो. एक मोटार उघडून ठेवलीय, तार तशीच पडलीय. हे दुकानातच लिहितोय. भाजी फोडणीला टाकायची वेळ झाली. फोन करावा म्हणून सारखा हात जातो. पण उचलायला ती गडबडीने वळेल, हात शेगडीवर... म्हणून करत नाही.
तिचाही आलेला नाही.