हिरव्या कार्डाची विहीर

३ जुलै
मनूला धाराशिवच्या दवाखान्यात सलाईन लावलंय. जुलाब थांबत नाहीत. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, पाणी कुठलं पिता? गावच्या सार्वजनिक विहिरीचं. तिचं हिरवं कार्ड ग्रा.पं.च्या भिंतीवर : पाणी पिण्यास सुरक्षित. मी त्याच पंचायतीची सदस्य, मनू माझी नात. म्हणून लिहून ठेवते. उद्या कुणी नाकारायला नको.

५ जुलै
विहिरीत औषध टाकायचं काम बाळूचं. त्याला ओट्यावर बसवून विचारलं. टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, पडते ती फक्त तपासणीला नमुना न्यायच्या दिवशी. एरवी बायका भांडतात, चहाला वास येतो म्हणून. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या जावेचा. पावडरचं पोतं ग्रा.पं.त दगड होऊन पडलंय.

६ जुलै
विहिरीभोवती फिरून पाहिलं. भाऊजींचा उकिरडा कठड्याला टेकलाय. पाऊस झाला की काळं पाणी सरळ आत.
सरपंचाला सांगितलं. खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "काकू, लाल कार्ड आलं तर गावाचं नाव जाईल. अन् उकिरडा तुमच्याच घरचा हाय. घरचं घरात मिटवा." ग्रामसेवक शेजारी मान हलवत होते. पगार मान हलवायचाच असावा.

७ जुलै
भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमची नात आजारी पडली म्हणून म्या खत उचलू?"
"तुमची कोण ती?"
भाऊजी उठून गोठ्यात गेले. जाऊ बोलत नाही. नाही तर नाही.

१० जुलै
मनू घरी आली. हडकली आहे. आम्ही पाणी उकळतोय. अंगणवाडीतली पोरं तेच पाणी तसंच पितात.

११ जुलै
नमुन्याचा दिवस. उजाडताच विहिरीवर गेले. बाळू आला, ढेकळं फोडून आणलेली पावडर पिशवीत. पिशवी हातातून घेतली आणि तिच्यावर बसले.
"काकू, उठा की. लई बोलणी बसतील मला."
"आधी बाटली भर."
भरली. त्याच्या खिशात सरपंचाचा फोन वाजत होता. उचलला नाही. एवढं तरी केलं त्यानं.

११ जुलै, संध्याकाळ
सकाळी थांब्यावर भाऊजी आडवे आले. लाल कार्ड आलं तर आपला संबंध संपला, म्हणाले. तेवढ्यात एसटी आली. बाटली घेऊन चढले.
धाराशिवच्या प्रयोगशाळेत दिली : सार्वजनिक विहिरीच्या पाण्याची बाटली एक, औषध न टाकता भरलेली. भरणारा बाळू, साक्षीला मी. पोच घेतली. निकाल यायचाय.
परत येऊन बाळूच्या हवाली केली : पावडरची पिशवी. आजपासून रोज टाकायची. भांडायला येतील त्या बायकांना माझ्या दारात पाठवायचं. जावेला आधी.