अब्बांनी मासा खाल्ला, अम्मी!

प्रिय अम्मी,
अस्सलामु अलैकुम.

पहिल्यांदा सामानाची पोच देते, म्हणजे तुमचा जीव थाऱ्यावर येईल. गावाहून धाकट्या जाऊबाईंनी पाठवलेली पिशवी मिळाली. कोकमं, कुळथाचं पीठ, जवळा आणि सुके बांगडे. आणणाऱ्याने जादा वजनाचे साठ रियाल मागितले, मी चाळीस दिले आणि वर चहा पाजला. अब्बांच्यासाठी उन्हाची टोपी, पंधरा रियाल. सहलीचे चौघांचे पैसे लिहीत नाही. तुम्ही तिथे उठून बसाल.

हो, सहल! आम्ही समुद्रावर जाऊन आलो, गाइड घेऊन, पैसे भरून! तुम्ही मक्केला उमऱ्यासाठी आला होता तेव्हा मी विचारलं होतं, "अम्मी, दर्या बघायला जायचं?" तुम्ही म्हणालात, "दर्या आपल्याकडे फुकट आहे. टॅक्सीला कशाला घालवतेस?" तेव्हा मला ते इतकं पटलं, की लगेच चहा टाकला. आता वाटतं, न्यायला हवं होतं. तुम्ही रागावला असता, पण मग गावभर सांगत फिरला असता.

पत्र का लिहितेय ते सांगते. तुमची थोरली सून म्हणून फातिहा तर रोजच पढून तुम्हाला पाठवते. पण फातिह्यात बांगड्याची गोष्ट कुठे घालायची? म्हणून हा कागद.

तुम्ही अल्लाकडे गेलात आणि अब्बांचं जेवण गेलं. तुमच्या रिझवानने त्यांना व्हिजिट व्हिसावर इथे जेद्दाला आणलं. वाटलं, नातीला पाहून खुलतील. पण ते खिडकीपाशी बसायचे, तसबीहचे मणी ओढायचे आणि ताट आलं की म्हणायचे, "भूक नाही गो." सुरमई केली, नको. पापलेट भरलं, नको. सुके बांगडे भाजले, त्या वासाने खालच्या मजल्यावरचा इजिप्तचा शेजारी वर आला, पण अब्बांनी मान वळवली नाही. "मासा नको. डाळभात दे."

खाडीवर मचवा हाकणाऱ्या तांडेलाला मासा नको? सदरे खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हे अंथरूण धरतील. आणि अब्बांचा एकच हेका, "माझं परतीचं तिकीट काढ. मी माझ्या घरी जातो." कुठल्या घरी? धाकट्या जाऊबाई आता गावातच वेगळ्या राहतात, तिथे चूल पेटवणार कोण?

जवळ्याची चटणी मात्र अब्बांनी दोन दिवसांत फस्त केली होती. अम्मी, तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती! पण नाही पेटली.

शेवटी तुमचे चिरंजीव म्हणाले, "आयुष्यभर पाण्यावर राहिलेला माणूस आहे. एकदा दर्या दाखवू. तरीही नाही सुधारले, तर तिकीट काढतो." मी पैशांवरून कुरकुर केली. सानिया म्हणाली, "मम्मी, प्लीज, डोन्ट स्टार्ट." आजकाल पोरीला माझ्या बोलण्याच्या आधीच त्याचं उत्तर ठाऊक असतं.

गाडी जेद्दाहून दक्षिणेला निघाली. गाडी चालवायला गाइड फहदच, इथला, चाळिशीचा, हसरा. आपल्या माणसांबरोबर काम करून मोडकी हिंदी शिकलेला. तो सारखा म्हणत होता, लगून, लगून. मला कळेना. गाडी वाळूच्या टेकाडावरून उतरली आणि समोर पाहिलं, तर आपलं खारकच्छ! दहावीच्या भूगोलात होतं. 'समुद्रापासून वाळूच्या दांड्याने वेगळे झालेले उथळ पाणी.' दोन मार्कांसाठी घोकलं होतं मी, तुमच्या चुलीपुढे बसून नाही, माझ्या माहेरी. आता इतक्या वर्षांनी उत्तर समोर दिसलं.

आणि काय तो रंग, अम्मी! काठाशी पाणी असं, की तळातली शिंपली मोजावी. पुढे कैरीच्या पन्ह्यासारखं, त्याच्यापुढे मोरपिशी आणि पार लांब, जिथे पोवळ्याचा खडक संपतो, तिथे एकदम शाईची दौत सांडल्यासारखं निळं. एक जुनं जहाज खडकावर चढून गंजलेलं उभं. सुबहानल्लाह म्हणायलाही तोंड उघडेना.

होडीत बसताना फहदने अब्बांना नारिंगी जाकीट घातलं. अब्बा चिडले. "ह्याला सांग, मी तांडेल आहे."

फहद म्हणाला, "बाबा, मैं भी मछलीवाला का बेटा. मगर पुलिस देखता."

मग घातलं. वर माझी पंधरा रियालची टोपी. सानियाने फोटो काढला. तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून हसला असता.

होडी त्या गंजक्या जहाजाजवळून गेली तेव्हा अब्बा कितीतरी दिवसांनी आपणहून बोलले. "सुकाणूवर झोपला असणार मेला!" तुमच्या लेकाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, गप्प राहा.

दुपारची जोहरची नमाज आम्ही वाळूवर पढली. अब्बा मुसल्ला अंथरताना थांबले. म्हणाले, "जन्मभर मक्केकडे तोंड करून नमाजाला उभा राहिलो की दर्या समोर. आज दर्या पाठीला." मग स्वतःशीच, "म्हणजे आलो की मी ह्या बाजूला."

आणि आता मुद्दा.

जेवायला तंबूत चटई टाकली. मध्ये एक मोठं तबक, त्यात तपकिरी भात आणि भातावर अख्खा भाजलेला मासा, हातभर लांबीचा. सगळ्यांनी एकाच तबकात जेवायचं. मी हिंदीत फहदला सांगितलं, "अब्बा मछली नहीं खाते, उनको सिर्फ चावल."

पण इथली रीत तुम्हाला ठाऊक आहे. यजमानाने वयाने मोठ्या पाहुण्यापुढे चांगला तुकडा आपल्या हाताने ठेवायचा. फहद म्हणाला, "बाबा मेहमान है," आणि बसलाच कामाला. पाठीकडचं मांस सोडवलं, बोटांनी चाचपून एक एक काटा काढला, बाजूला ठेवला आणि तो पांढरा मऊ गोळा अब्बांच्या पुढ्यात भातावर सरकवला. "खाओ, बाबा."

अब्बांनी पाहिलं. बिस्मिल्लाह म्हटलं. आणि खाल्ला!

फहदने दुसरा ठेवला. तोही गेला. तिसरा. सानिया काहीतरी बोलायला निघाली, मी तिला असा चिमटा काढला की पोरगी चटईवर उडाली.

मग फहदला कुणीतरी हाक मारली आणि तो उठून गेला. अब्बांचा हात थांबला. अम्मी, अर्धा मासा तबकात होता. ते त्याच्याकडे बघत होते, भूक तोंडावर दिसत होती, पण हात पुढे जाईना. बोटं भाताच्या कडेशीच घुटमळत राहिली.

आणि मला आपलं मागचं स्वयंपाकघर दिसलं! सगळ्यांची जेवणं झाली की तुम्ही आणि अब्बा तिथे मागे एका ताटात जेवायचात, दार लोटून. आम्ही दोघी जावा एकमेकींना कोपराने ढोसायचो. "म्हातारपणी काय हे!" म्हणून तोंडात पदर कोंबायचो. तुम्ही दारामागे काटे काढत होता होय? आणि जवळ्याला काटाच नसतो, म्हणून ती चटणी फस्त!

सरकून अब्बांच्या बाजूला बसले. एक तुकडा सोडवला, काटे काढले, पुढे ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण खाल्ला. मग मी दुसरा सोडवला.

परतीच्या गाडीत बापलेकीला झोप लागली. तेव्हा अब्बा खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "ल्हान असताना काटा घशात रुतला होता. आईने किती भात गिळायला लावला, जाईना. मरतो की काय झालं होतं. तेव्हापासून बोटाला काटा लागला तरी घसा बंद होतो."

"मग सांगायचं नाही का, अब्बा?"

"कोणाला? सुनेला? तांडेल वादळाला भीत नाही आणि बांगड्याला भितो?" मग म्हणाले, "तिला एकटीला ठाऊक होतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी ओळखलंन्. कधी बोलली नाही."

अम्मी, शाबास तुमची! पण रागही येतो. मला चपात्यांची घडी कशी घालायची ते शिकवलंत, उरलेल्या भाताचं काय करायचं ते शिकवलंत, रद्दी कुणाला विकायची ते शिकवलंत. आणि एवढी गोष्ट जाताना सांगू नये? माणूस डाळभातावर सुकत चालला होता ना!

तुमचे चिरंजीव खुशीत आहेत. सगळ्यांना सांगतात, "बघा, समुद्राच्या हवेने भूक उघडली. पैसे वसूल झाले!" मी म्हणते, हो, हवेनेच. परतीच्या तिकिटाचं अब्बाच म्हणाले, "राहू दे. व्हिसा संपेस्तोवर बघू."

माझं वचन घ्या. हे गुपित दाराबाहेर जाणार नाही. आता सगळ्यांची जेवणं झाली की मी अब्बांचं ताट स्वयंपाकघरात घेते आणि दार लोटते. काल सानियाने विचारलं, "मम्मी, व्हाय सो सिक्रेटिव्ह?" मी म्हटलं, आमच्या घरची रीत आहे. इन्शाअल्लाह, ते आहेत तोवर मोडणार नाही.

सुरमई जमते, पापलेट जमतं, बांगडाही आता बरा जमतो. पण आज सकाळी अब्बांनी चहा पिता पिता विचारलं, "इथे पेडवे मिळतात काय गो?" अम्मी, पेडवे! त्या बोटभर माशात केसासारखे काटे, ते तुम्ही कसे काढत होता? तव्यावर टाकायच्या आधी की नंतर? शेपटीकडून की डोक्याकडून? उद्या जुम्मा आहे आणि मी हो म्हणून बसले आहे. तेव्हा उलट टपाली कळवा. स्वप्नात आलात तरी चालेल, फक्त हात दाखवून सांगा.

तुमची थोरली सून,
जुलेखा