राजीचा मोजा आणि माणक्याची घुंगरं

२९ डिसेंबर, रविवार. दुपार.

आजपासनं लिवायचं ठरवलं. म्या चौथीपातूर शिकलेली. आमची सून मयूरी बीए, सांगलीची. पण किराणा लिवायचा म्हटला की मोबाईलला बोलून दावती. असो.

नातीचा फोन आला. राजेश्वरी, माझी राजी. साताऱ्याच्या सैनिकी शाळंत हाय, होस्टेलला. तिथल्या बँडमधी बॅगपाईप वाजवती. काखंत पखाल दाबायची, तोंडानं फुकायचं, वर बोटं नाचवायची. पुढच्या रांगंत ही एकटी पोरगी, बाकी समदं बाप्ये. ऊर भरून आला, मग चा केला.

आता रडगाणं मोज्याचं. बँडला चौकड्यांचा घागरा असतो. किल्ट म्हणायचं, घागरा म्हटलं की राजी फुगती. खाली गुडघ्यापातूर लोकरीचं पांढरं मोजं. आन् पोरीच्या पिंढऱ्या म्हणजे ज्वारीची वाळकी ताटं. चार पावलं टाकली की मोजा घोट्यावर. बँडमास्तर हंबीरराव, रिटायर सुभेदार, म्हणलं, मोजा नीचे, तो लडकी पीछे. सव्वीस जानेवारीला घसरला तर राजी मागच्या रांगंत, झांजा धरायला. फोनवर रडली पोरगी.

मोजा धरायला गुडघ्याखाली पट्टी बांधत्यात, गार्टर. तिला तांबड्या कापडाच्या दोन जिभा लोंबत्यात, त्या फ्लॅश. दुकानात मिळतं म्हणं. दुकानात! म्या माणक्या बैलाचं गोंडं जल्मभर वळलं. बेंदराला, बैलांच्या सणाला, मिरवणूक थांबवून लोक बघायचं. बैल वाजतगाजत मिरवतो, पोरगी वाजतगाजत मिरवती. फरक काय?

ठरलं. म्याच करणार. दोन दिवसांत.

५ जानेवारी, रविवार.

दोन दिवसांत झालं न्हाई. कारण बनुबाई. शेजारीण. बसली की उठत न्हाई. तिच्या सुनंची समदी गाऱ्हाणी ऐकली, सून बरोबर हाय असं माझं मत.

मयूरी म्हणली, आई, इलास्टिक आणून देते. इलास्टिक! चार धुण्यांत मरतं ते. म्या सुती नाडा घेतला, तिपदरी पिळाचा. नाडा म्हणजे इमान.

मापाला राजी हितं न्हाई. मग मालकाच्या पिंढरीवर माप घेतलं. मालक रातचं जेवून खाटंवर घोरत व्हतं. चांगला आवळून बांधला, वरनं त्यांचा थंडीचा मोजा ओढला. एवढ्यात बनुबाई आली.

६ जानेवारी. सकाळ.

मालक उठलं ते लंगडत. पायाला मुंग्या, बोटं बधीर. शुगर झाली, शुगर झाली म्हणून घर डोक्यावर घेतलं. बाप्या माणसाला काटा मोडला तरी सगळ्या गावाला कळाय पायजे.

संध्याकाळ.

कोरेगावला डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासलं, मग मोजा काढला. नाडा बघून डॉक्टर माझ्याकडं बघायला लागलं. आजी, हे काय? म्या म्हटलं, गार्टर. परत बघितलं. शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये.

शुगर न्हाई. म्हणजे माझ्या गार्टरपायी मालकाची तपासणी तरी झाली, किती वर्सं टाळत व्हतं. आन् गाठ? डॉक्टरला सुटली न्हाई, कात्री लागली. हे कुणी बोलत न्हाई.

गाडीवरनं येताना मालक म्हणलं, अगं ए, बैल गेला, आता माझ्या मागं लागलीस व्हय?

१२ जानेवारी, रविवार.

राजी घरी आली. बांधून बघितलं. आता आवळायला मालकानं बंदी घातलीया, म्हणून बेतानं. अंगणात लेफ्ट-राईट केली. तुळशीपातूर मोजा ताठ. गोठ्यापाशी खाली. गार्टरात खोट न्हाई, पिंढरीत हाय. होस्टेलचं पाणचट वरण खाऊन कशी भरंल पिंढरी? डिंकाच्या लाडवांचा डबा भरून दिला.

फ्लॅश म्हणून माझ्या जुन्या खणाचं कापड लावलं व्हतं, डाळिंबी. आता असलं मिळत न्हाई. जरा घाम आला आन् रंग मोज्यावर उतरला. पाय हळदीकुंकवाला जाऊन आल्यागत दिसाय लागलं. मयूरीनं मोजा साबणात घातला, तोंडातनं अवाक्षर न्हाई. सांगलीची माणसं न बोलता लय बोलत्यात.

राजी मातूर गुणाची. म्हणली, आज्जी, छान हाय गं, पण जरा कमी छान कर.

आन् जाताना हळूच म्हणली, आज्जी, झांजा न्हाई गं मला वाजवायच्या.

त्या वाक्यानं जेवण गेलं न्हाई. (भाकरी अर्धीच खाल्ली. भातबी थोडा खाल्ला.)

१४ जानेवारी. संक्रांत.

विहीणबाई आल्या, मयूरीची आई. पद्माबाई, हळदीच्या व्यापाऱ्याच्या मालकीण. दारात कृष्णामाई असून पाय भिजू देणार न्हाईत अशी बाई. पर्समधनं पाकीट काढलं. तयार गार्टर, फ्लॅशसकट, मोबाईलवरनं मागवलेलं. आत इलास्टिक, वर चर्र करून चिकटणारी पट्टी. असली चर्रपट्टी चपलांना असती.

सण व्हता म्हणून गोड बोलले. म्हटलं, लय झ्याक हाय, शोकेसमधी ठेवा. विहीणबाई म्हणल्या, हातानं करत बसलं की वेळ फार जातो हो. म्या म्हटलं, व्हय, आन् विकत आणलं की अक्कल जाती. तिळगूळ घ्या.

सैपाकघरात भांडं पडलं. मयूरीच्या हातनं हल्ली भांडी लय पडत्यात.

१८ जानेवारी, शनिवार.

झालं! नवा नाडा, नव्या फिती, रंग पक्का, मिठाच्या पाण्यात बुडवून बघितलाय. खाली छोटं गोंडं. आन् ट्रंकंत माणक्याची घुंगरं सापडली, म्हसवडच्या जत्रंत घेतलेली. माणक्या यायच्या आधी गल्लीला कळायचं. राजी म्हणली व्हती कमी छान कर. म्हणून घुंगरं आतनं शिवली. दिसत न्हाईत. फक्त वाजत्यात.

उद्या मयूरी होस्टेलला नेऊन देणार. म्हणली, द्या आई, म्या देते तिला. लगेच पिशवीत टाकलं. लग्न होऊन आल्यापासनं एवढ्या झटक्यात कवा ऐकली न्हाई. कामातच दम असला की विरोधक गप.

२६ जानेवारी. रविवार. संध्याकाळ.

साताऱ्याहून आत्ता आले.

राजी पुढच्या रांगंत! गाल फुगवून वाजवती, किल्ट डुलतोय, आन् मोजा? खिळा ठोकल्यागत. अख्ख्या मैदानाला फेरा घातला, सूतभर हलला न्हाई. शेजारच्या बायकांना सांगितलं, गार्टर माझ्या हातचं. त्यांच्या शेजारच्यांनाबी सांगितलं. एक मॅडम म्हणल्या, आजी, समोर बघू द्या.

घुंगरं ऐकू आली न्हाईत. येणार कशी? ढोल केवढा बडवत्यात.

विहीणबाई सांगलीहून आल्या व्हत्या. नुसत्या हसत व्हत्या. हरलेलं माणूस असंच हसतं. म्या मोठ्या मनानं त्यांना माझी पाण्याची बाटली दिली.

हंबीरराव म्हणलं, आजी, मोजा एकदम फिट. लडकी आगे ही रहेगी. म्या म्हटलं, माझ्या बैलाचाबी कवा घसरला न्हाई. ते सलाम करून लगबगीनं गेलं.

राजीला मिठी मारली. म्हटलं, लाडू खाल्लंस का? म्हणली, आज्जी, पोरींनी पहिल्याच दिवशी डबा चाटून पुसला. म्या तिच्या पायाकडं वाकून बघाय लागले तर राजीनं मला गच्च धरलं, सोडंचना. लय माया पोरीला.

२७ जानेवारी. सकाळ.

गोठ्यातनं घुंगरं वाजली.

माणक्या आठवला. पण माणक्या जाऊन चार वर्सं झाली. बघते तर आमची शेळी. पायांत तांबड्या फिती, गोंडं, समदं.

मालक म्हणलं, भुशाच्या पोत्यात सापडलं, म्हणून घातलं. महिनाभर तू शेळीसाठीच शिवत व्हतीस न्हवं?

मयूरी दारात पदराशी चाळा करत उभी. म्या तिच्याकडं बघितलं, तिनं भुशाच्या पोत्याकडं. मग आत गेली आन् चा आणला. साखर रोजच्यापेक्षा जास्त व्हती. चा प्याले.

तर चर्रपट्टीनं मोजा थांबला असं विहीणबाईंना वाटत असंल. वाटू दे. पोरीची पिंढरी भरली, म्हणून थांबला. पोरींनी डबा संपवला तरी एक लाडू राजीच्या वाट्याला आलाच असंल. माझा एक पुरतो.

शेळीनं दोन उड्या मारल्या. दोन्ही गार्टर खुरांवर.

शेळीच्या पिंढऱ्याच बारीक. उद्यापासनं तिला लाडू चालू करते.