वळणावरचा वरवंटा

माय, आज आम्ही गल्लीतल्या बाया पुन्हा शहागडच्या सडकेवर बसलो होतो. गाड्या हळू करा एवढंच मागणं. साहेब आले, चहा प्याले, "बोर्ड लावतो" म्हणाले. मला हसूच आलं बघ. तुलाही हेच सांगितलं होतं की!

निजामी जाऊन फार दिवस झाले नव्हते. गोदावरीचं पाणी आणायला सडक ओलांडावीच लागायची. धाकटा तुझ्या मागं पळत आला आणि कापसाच्या लॉरीनं त्याला उडवलं. तू चुलीपुढं बसून रडायचीस, धुराचं निमित्त करून. मग बायांना घेऊन अंबडला तहसीलात गेलीस. 'गाडी हळू चालवा' असा बोर्ड लागला, पण एक लॉरी हळू होईल तर शपथ!

"मेल्यांना वाचता येत न्हाई, भेता तर येतं ना!" तू म्हणालीस. मला अजून दिसतं. तू पाट्यावरचा वरवंटा उचलतेस, तेल-शेंदूर फासतेस, वळणावर लिंबाखाली उभा करून त्याला हिरवा खण लावतेस. बायांना दरडावतेस, "जागृत देवी हाय म्हणायचं. तोंड उघडलं तर याद राखा." कोणी उघडलं नाही. ड्रायव्हर लॉरी हळू करून हात जोडायला लागले. घरात नदीतल्या गोट्यानं वाटलेली जाडीभरडी चटणी. मी कुरकुर केली की तू म्हणायचीस, "गुमान खा. तिकडं लेकरं वाचून राह्यलीत."

तू गेलीस आणि देवी मोठी झाली. दर्शनाची गर्दी सडकेवर नको, जिवाला धोका, म्हणून गावानं तिला उचलून नदीकाठच्या नव्या मंदिरात नेलं. कळस, घंटा, सगळं बराबर. इकडं वळण मोकळं झालं. ट्रक बिलकुल हळू होत नाहीत. अस्सा संताप येतो! पण देवी कोण आहे ते कोणाला सांगू? तूच तोंड बांधून गेलीस.

परवा शेजारणीची नात ट्रकखाली आली. दवाखान्यात आहे, अजून डोळे उघडले नाहीत.

हा कागद कुठं धाडणार मी? पेटीत ठेवून देईन. एक सांगते, हसू नकोस. सडकेवरून उठले ती थेट मंदिरात गेले. ज्यानं तू आपली चटणी वाटायचीस, त्याच्यापुढं डोकं टेकवलं आणि पोरीसाठी नवस बोलले. अगदी मनापासून बोलले, माय.