कंपनीची गाडी येईपर्यंत

४ जानेवारी
लेकीचा फोन. पंचवीस तारखेला नातीला घेऊन येतेय, चांगली पंधरा दिवस राहणार. नात रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. तेव्हा छोटी खोली रिकामी हवी, असं बजावलंय. आजच कामाला लागायचं ठरवलं.
खोलीत आहे तरी काय? जुने सेल, गेलेल्या ट्यूब, मोबाइलची फुगलेली बॅटरी, रंगाचे डबे, झुरळांचा स्प्रे, मुदत संपलेली औषधं. बायको म्हणते, शनिवारी कोपऱ्यावर घातक कचऱ्याची गाडी उभी असते, देऊन टाका आणि मोकळे व्हा. तिला मुद्दाच कळलेला नाही. ज्याने बनवलं त्यानेच परत न्यायचं, कायद्यात तसं आहे. कंपन्यांची उष्टी आपल्या करातून का काढायची?
हे तिला समजावेपर्यंत दुपार झाली. कामाला उद्या लागतो.

७ जानेवारी
सेलवाल्या कंपनीला फोन. बराच वेळ बासरी ऐकली. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, जवळच्या संकलन केंद्रावर आणून द्या. जवळचं केंद्र दुसऱ्या शहरात. मी तिला उत्पादकाची जबाबदारी पहिल्यापासून समजावली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, माझ्या सेवेवर समाधानी आहात का. कंपनी हादरलेली दिसते.
औषधवाल्यांनी फोनच उचलला नाही.

१० जानेवारी, शनिवार
सकाळी बायको पिशवी घेऊन गुपचूप कोपऱ्याकडे निघाली. मी बनियनवर धावत जाऊन पिशवी परत आणली. एकदा तत्त्व सोडलं की संपलं. गाडीवाला हसत होता. बायको हसत नव्हती.
संध्याकाळी लिफ्टमध्ये नोटीस लावली. सेल, ट्यूब, रंग गाडीत टाकू नका, कंपन्यांना परत घ्यायला लावू, तोवर माझ्याकडे आणून द्या.

१३ जानेवारी
प्रतिसाद तुफान. खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाईंनी फुटलेला थर्मामीटर बरणीत घालून दिला, झाकण मात्र उघडू नका म्हणाल्या. सेक्रेटरींनी जिन्याच्या रंगकामाचे उरलेसुरले डबे पाठवले आणि बिल्डिंगला असा माणूस लाभला म्हणून माझी पाठ थोपटली. काही जण पिशवी ठेवून, बेल वाजवून पळून जातात. लाजाळू माणसं. चळवळ उभी राहतेय.
छोट्या खोलीचं दार आता अर्धंच उघडतं.

१९ जानेवारी
कंटाळा आलाय. कंबर धरलीय. खोलीत शिरलं की थिनरच्या वासाने डोकं उठतं. बायकोने आज एकदाच विचारलं, बाळ निजणार कुठे. मी म्हटलं, अजून भरपूर वेळ आहे. भरपूर म्हणजे तसा नाहीये.
पण दुपारी ट्यूबवाल्या कंपनीचा मेसेज. बावीस तारखेला गाडी पाठवतायत. जिंकलो. बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

२२ जानेवारी
इस्त्रीचा शर्ट घातला. कंपनीचा माणूस आला आणि खोली बघून दारातच थांबला. म्हणाला, आम्ही फक्त आमच्याच कंपनीच्या ट्यूब नेतो. सगळ्या उलटसुलट करून पाहिल्या. त्यांची एकही निघाली नाही.
गाडी रिकामी परत जाणार म्हटल्यावर मी त्याला चहाला थांबवलं. मग आठवलं, स्वयंपाकघरातली ट्यूब त्यांचीच आहे. चालू होती, पण म्हणून काय जबाबदारी टळते? स्टुलावर चढलो आणि काढून दिली. त्याने माझा फोटोही घेतला.
बायकोने मोबाइलच्या उजेडात स्वयंपाक केला.

२३ जानेवारी
लेकीचा व्हिडिओ कॉल. खोली दाखवा म्हणाली. मी कॅमेरा स्वतःवरच धरून हवापाण्याच्या गप्पा मारत राहिलो. बायकोने फोन काढून घेतला आणि दार जेवढं उघडतं तेवढं उघडलं.
लेकीने कॅमेऱ्याजवळ येऊन पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, मी तिला तिथे नाही आणू शकत."
ती आता जावयाच्या मावशींकडे उतरणार. बायकोही बॅग भरतेय, पंधरा दिवस नातीजवळ राहणार. मला कुणी येऊ नका म्हटलेलं नाही. या, असंही म्हटलेलं नाही. मावशींकडे जागा कमी असेल. आणि मला इथे काम आहेच.
वाईट वाटलं. या वहीत तरी कुणापासून लपवायचं.

२८ जानेवारी
घर शांत. बेल वाजली की धावत जातो. पिशवी असते.

३१ जानेवारी, शनिवार
ठरलं. तत्त्व गेलं चुलीत. सकाळपासून पोती बांधून लिफ्टने खाली आणि कोपऱ्यापर्यंत ओढत नेली. गाडी नाही. वॉचमन म्हणाला, इथला थांबा बंद झाला. या कोपऱ्यावर देणारी आपलीच बिल्डिंग होती, आणि हल्ली आपल्याकडून काहीच जात नव्हतं. सगळे तुमच्याकडेच देतात ना, असं वर कौतुकाने म्हणाला.
पोती पुन्हा वर. एकाचं बूड फाटून वार्निश सांडलं, सगळं माझ्या हातांवर.
आत आलो तर फोनवर व्हिडिओ. नात मावशींच्या सोफ्याला धरून उभी राहिलीय. स्वतःची स्वतः. मागून बायकोच्या हसण्याचा आवाज. किती दिवसांनी ऐकला. खाली तिने लिहिलं होतं, "यायचं असेल तर या. हात धुऊन या."
मघापासून धुतोय. निघत नाहीये.